फळ्यावरचं गणित: नारळीकरांच्या विज्ञानकथा पुन्हा वाचताना

उंबरठा (धागाकर्ता)

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले तेव्हा इथे श्रद्धांजलीचे दोन धागे निघाले होते. दोन्हीकडे मी 'विनम्र आदरांजली' एवढंच टंकून पळ काढला. कारण त्यांच्या कथा शाळेनंतर उघडल्याच नव्हत्या. गेल्या महिन्यात घर बदलताना 'यक्षांची देणगी' हाती लागलं. मुखपृष्ठ गायब, पहिल्या पानावर एका वाचनालयाचा जांभळा शिक्का (हो, परत करायचं राहिलं, नावं ठेवू नका). खोकी तशीच सोडून जमिनीवर बसून वाचून काढलं. मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' आणि शेवटी आत्मचरित्र, 'चार नगरांतले माझे विश्व'. याच पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यातल्या बनारसच्या भागात एक गोष्ट आहे, ती मनातून जात नाही. जन्म कोल्हापूरचा (१९ जुलै १९३८), पण लहानपण गेलं बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. जयंत आणि धाकटा अनंत यांच्यासाठी वडिलांनी घरात दोन फळे लावून दिले होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, शिकायला म्हणून त्यांच्याकडे येऊन राहिले. ते एखाद्या दिवशी फळ्यावर 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जे. व्ही. एन.' असं लिहून खाली एक गणित मांडून ठेवायचे. शाळेच्या पुस्तकातलं नव्हे. ते सुटेपर्यंत, किंवा पोरगा हात टेकेपर्यंत, पुसलं जायचं नाही.

विचार करा, सकाळी दात घासायला उठलात की गणित समोर. रात्री झोपायला जाताना गणित तिथेच. कुणी ओरडत नाही, मार्क देत नाही. ते फक्त असतं.

माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या कथा म्हणजे मोरूमामाचा फळा आहे. कथा संपते, पण फळा पुसलेला नसतो. मी पाचवी-सहावीत 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचली होती. तिच्यातली पात्रं, नावं सगळं विसरलो होतो. पण मोबियसच्या पट्टीवरून (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी) फिरून आलं की उजव्याचं डावं होतं, हे तीस वर्षं डोक्यात होतं.

एक किस्सा बहुतेकांना माहीत असेल, तरी लिहितो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. जगताप कोण, तर जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. आणि ना. वि. ज. नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून हा खटाटोप. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. तेव्हा त्यांचं वय ३५-३६. केंब्रिजचा सीनिअर रँग्लर (म्हणजे गणितात पहिला, १९५९), पद्मभूषण (१९६५, वयाच्या सव्विसाव्या वर्षी), टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. असा माणूस खोट्या नावानं स्पर्धेला कथा पाठवतो, याची मला अजून गंमत वाटते.

तर, तुम्हाला कुठली कथा आठवते आणि का? नुसतं '+१' नको.

---

तिरपागडा

+१

(घ्या.)

आता खरं बोलतो. तुमचा फळा वगैरे ठीक, पण साहित्य म्हणून काय? एक प्रोफेसर, त्याचा एक मित्र ज्याला काही कळत नाही, एक पत्रकार. प्रोफेसर मित्राला समजावून सांगतो, मित्र 'अस्सं!' म्हणतो. बायका असतील तर चहा आणतात. मराठीत त्याच सुमारास काय दर्जाच्या कथा लिहिल्या जात होत्या ते आठवा. नारळीकरांच्या एका तरी पात्राचा चेहरा डोळ्यांसमोर येतो का? पात्रं म्हणजे खडू. लिहून झालं की संपली.

माणूस मोठा होता, शंका नाही. पण २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं ते शास्त्रज्ञाला की लेखकाला?

---

उंबरठा

@तिरपागडा, जगतापांना बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांना शास्त्रज्ञ दिसत नव्हता ना? आणि दुसऱ्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भाषणात त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. दुर्गाबाई कुणाच्या पदकांना दबून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

खडूबद्दल मात्र निम्मं मान्य.

---

शेवंता

तिरपागडा, चहा आणणाऱ्या बायकांबद्दल बोललात म्हणून लिहिते, नाहीतर मी वाचनमात्रच असते.

'धूमकेतू' वाचा पुन्हा. दत्तदा हौशी आकाशनिरीक्षक, रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारे. त्यांना धूमकेतू सापडतो, त्याला त्यांचं नाव मिळतं. बायकोला, इंद्राणीदेवींना, आनंद नाही. धूमकेतू म्हणजे अरिष्ट. पुढे गणित मांडल्यावर कळतं की तो पृथ्वीवर आदळणार. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येऊन अण्वस्त्रांनी त्याची वाट वळवतात. पृथ्वी वाचते. दत्तदा घरी येतात, तर घरी यज्ञ झालेला. अरिष्ट टळलं ते यज्ञानंच, ही बाईंची खात्री.

आता गंमत बघा. बाईंचं भाकीत खरं ठरलेलं आहे! अरिष्ट येणार म्हणाल्या, आलं. टळेल म्हणाल्या, टळलं. आणि दत्तदांना तोंड उघडायची सोय नाही, कारण मोहीम गुप्त. कथेचा कल अर्थात दत्तदांच्या बाजूनं आहे, शेवटी ते हताश होतात. पण मला मजा वाटते ती ही की, अंधश्रद्धा हरत का नाही याचं यंत्र लेखकानं सुटं करून दाखवलंय. ज्यानं काम केलं तो गप्प, आणि ज्यानं धूर केला त्याला श्रेय. अशी घरं मी पाहिली आहेत. माझंच माहेर, म्हणा ना.

इंद्राणीदेवींचा चेहरा मला तरी स्पष्ट दिसतो.

---

बोरूबहाद्दर

आमचं घोडं इतिहासाकडून. 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

ही कथा इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' म्हणून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे पंजाब-केरळातल्या पोरांनाही विश्वासराव माहीत आहेत, ते नारळीकरांमुळे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातात अशा जगात जाऊन पडतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकले. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून ठाण मांडून आहे, पण तेवढीच. बाकी हिंदुस्थान आपला आपण आधुनिक झालेला.

बखरीचं ते पान आठवतं का? आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागते, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत शिरतात आणि फौज कोसळते. त्या जगातल्या बखरीत गोळी कानाजवळून जाते. तिळाएवढा फरक. दोन मोती गळाल्याच्या निरोपावर वाढलेल्या मराठी माणसाला हा तीळ कुठे टोचतो ते सांगायला नको.

आणि पुढची करामत अशी की त्या तिळाला ते पुंजभौतिकीशी (क्वांटम फिजिक्सशी) जोडतात. इलेक्ट्रॉन सोडला तर तो नेमका कुठे पोचेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. मग प्रत्येक शक्यतेचं एकेक जग असेल तर? इतिहासात 'जर-तर'ला जागा नाही असं आम्हाला शिकवलं. या गृहस्थांनी ती जागा भौतिकशास्त्रातून मिळवून दिली.

पण मला सर्वांत आवडतो तो आझाद मैदानाचा प्रसंग. सभा भरलेली, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची मोकळी. पंतांना आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवायची सवय, मोकळी खुर्ची बघवत नाही. जाऊन बसतात. त्या जगात अध्यक्षांची भाषणं हा प्रकारच लोकांनी बंद केलेला असतो, त्यामुळे जे काय मिळेल ते पंतांच्या अंगावर येतं. तिरपागडा, नारळीकरांना विनोद येत नाही असं म्हणू नका. संमेलनाच्या अध्यक्षाची एवढी चेष्टा करून ठेवणारा माणूस पुढे स्वतः संमेलनाध्यक्ष झाला!

---

तिरपागडा

हा हा, आझाद मैदान मान्य. एक गुण दिला.

---

गणितकाकू

हस्ताक्षराचा उल्लेख झाला म्हणून. मंगलाताईंना 'ज्यांच्या अक्षरात कथा गेली' एवढ्यावर संपवू नका हं. त्या स्वतः गणिती होत्या, 'गणितगप्पा' हे त्यांचं पुस्तक मी वर्गात किती वर्षं वापरलं त्याला गणती नाही. १९६६ मध्ये लग्न, केंब्रिज, मग १९७२ ला दोघं मुंबईला आले. तीन मुली वाढवून त्यांनी पीएचडी केली. १७ जुलै २०२३ ला त्या गेल्या.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' अशी वाचनपद्धत दिल्यावर केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. लोकांनी टीव्हीवर टिंगल केली. मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलंय. 'सत्त्याहत्तर' लिही म्हटलं की सत्त्याऐंशी लिहिणारी पोरं दर वर्षी असतात. आधी एकक ऐकायचा आणि लिहायचा मात्र दशक, पोराच्या डोक्यात उलटापालट होणारच. 'सत्तर सात' म्हटलं की हात बरोबर ७ आणि ७ कडे जातो. त्यांनी जोडाक्षरी नावं रद्द केली नव्हती, दुसरा पर्याय दिला होता.

---

चष्मेबद्दूर

काकू, सत्त्याहत्तरमध्ये दोन्ही सातच आहेत, उलटं लिहिलं तरी बरोबर येतंय की. 😀

---

गणितकाकू

चष्मेबद्दूर, पकडलंत! सदुसष्ट घ्या. ६७ चं ७६ करतात. निवृत्त झाले की असं होतं.

---

तिरपागडा

'वीस एक'ला माझा कडाडून विरोध आहे. भाषेचा नाद म्हणून काही...

---

उंबरठा

मंडळी, हात जोडतो, 'वीस एक'साठी वेगळा धागा काढा. मीही येतो भांडायला.

---

खडूफळा

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं.

त्यांचं संशोधन आणि कथा वेगळ्या वाचता येत नाहीत असं माझं मत आहे. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉयल यांचे विद्यार्थी. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, भारतात ते एका रात्रीत नायक झाले. हॉयल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहायचे, 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची. म्हणजे गुरूकडून फक्त समीकरणं आली नाहीत.

पण हॉयल आणि नारळीकर ज्या स्थिर विश्वाच्या (विश्वाला आरंभच नाही, या मताच्या) बाजूचे होते ती बाजू हरली. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना विश्वभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या तंबूत गेले. ('बिग बँग' हे नाव हॉयल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं, विरोधक असून!) नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी 'जवळजवळ स्थिर' विश्वाचं सुधारित प्रारूप मांडलं. पुरावा विरुद्ध जात असताना इतकं चिकटून राहणं बरोबर होतं का? मला नाही वाटत. पण 'सगळे म्हणतात म्हणून' हे कारण त्यांना कधीच पुरलं नाही, आणि आमच्यासारख्यांना ते रोज पुरतं.

आता 'हिमप्रलय' घ्या. हिमयुग येतंय हे डॉ. वसंत चिटणीस आधीपासून सांगत असतात, कुणी ऐकत नाही, शेवटी मुंबईत बर्फ पडतो. ऐकून न घेतला गेलेला शास्त्रज्ञ. या पात्राचा चेहरा दिसत नाही म्हणता? तो लेखकाचाच असावा बहुतेक.

अर्थात दुसऱ्याचं ऐकून घेण्यासाठी त्यांची अट साधी होती: तपासून पाहू. फलज्योतिषाच्या बाबतीत तेच केलं. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. या कामात डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, कोणती कुणाची ते ओळखायचं. ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी हेच. कुणाला शिव्या नाहीत, भाषण नाही. आकडे फळ्यावर.

---

शेवंता

म्हणजे इंद्राणीदेवींना उत्तर देता येत नाही म्हणून हा प्रयोग. :)

---

झब्बू

मी इथला जुना वाचक, लिहितो फारसा नाही. एक कबुली द्यायची आहे.

पुण्यात आयुकात (खगोलशास्त्राची संशोधन संस्था, १९८८ मध्ये नारळीकरांनीच उभी केली, तेच संस्थापक संचालक) शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं असायची. आमच्या शाळेनं नेलं होतं. व्याख्यान संपल्यावर आम्ही वह्या घेऊन सह्यांसाठी धावलो. तुमच्यापैकी काहींना त्यांची पद्धत माहीत असेल: सही हवी तर पोस्टकार्डावर प्रश्न विचारून पाठवा, उत्तर सहीसकट येईल.

मी घरी येताना पोस्टकार्ड घेतलं. आयुकाचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. 'आदरणीय सर' लिहिलं. पुढे प्रश्न सुचेना. जे सुचायचं ते पुस्तकात मिळायचं, मग ते विचारायची लाज वाटायची. आठवडा गेला, परीक्षा आल्या. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. पत्ता आहे, मायना आहे, खाली कोरं.

सही मागितली असती तर पाच सेकंदांत मिळाली असती. हा धागा वाचून पहिल्यांदा कळलं की माझ्याही भिंतीवर मोरूमामा येऊन गेला होता.

---

बोरूबहाद्दर

झब्बूशेठ, आज विचारायचा असता तर काय विचारला असता?

---

झब्बू

उंबरठा यांनी त्या गणपतीची आठवण काढल्यापासून एकच. मोबियसच्या युक्तीनं माणूस उजव्याचा डावा होऊन आला. हृदय उजवीकडे, तीळ दुसऱ्या गालावर. ठीक. तो घरी येऊन वरण-भात जेवला तर पोट भरेल का?

---

चष्मेबद्दूर

न भरायला काय झालं? भात आरशात पण भातच.

---

खडूफळा

झब्बू, काय प्रश्न विचारलात! दोन तास गेले माझे.

आधी ज्यांना पट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी. पारदर्शक प्लास्टिकची लांब पट्टी कापा, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा. मार्करनं डाव्या हाताचा पंजा काढा. तोच पंजा थोडा पुढे सरकवून काढा, पुन्हा पुढे, असं करत पहिल्या जागी या. आता तिथे उजवा पंजा असेल. कुठेही उलटवला नाही, तरी उलटला. सपाट पंजाला उलटायला तिसरी मिती लागते, हातमोज्याला चौथी. कथेतल्या माणसाचं तेच झालं.

आता जेवण. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती 'डावी' असतात आणि शर्करा 'उजव्या'. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हातमोज्यासारखी: ज्या हाताचा मोजा त्याच हाताला बसतो. उलटलेल्या माणसाची विकरं उलटी. ताटातला भात मात्र सुलटा. पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडेच होणार नाहीत. वरणातली प्रथिनंही तशीच. पाणी आणि मीठ चालेल, त्यांना डावं-उजवं नाही. तेला-तुपातली मेदाम्लंही बहुतेक तशी नसतात, त्यावर काही दिवस ढकलता येतील. पण भरल्या ताटावर उपासमार.

साखरेची गंमत वेगळीच. उलटं ग्लुकोज प्रयोगशाळेत करता येतं. ते आपल्याला गोडच लागतं, पण शरीराला त्यातून ऊर्जा मिळत नाही. म्हणजे त्या माणसाला आपलं ग्लुकोज गोड लागेल आणि कामाला येणार नाही. वासांचीही अदलाबदल. कार्व्होन नावाचा रेणू एका हाताचा असला तर पुदिन्याचा वास, दुसऱ्या हाताचा असला तर शेपूचा. त्याला पुदिन्याच्या चटणीत शेपू भेटणार.

आणि ही आता निव्वळ कथेतली गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की आरशातल्यासारखे उलटे जिवाणू कुणी बनवायला घेऊ नयेत, कारण आपली प्रतिकारशक्ती त्यांना ओळखणार नाही अशी भीती आहे.

---

तिरपागडा

शेपूची चटणी! खडूफळा, तुम्हीच लिहा ही कथा. नायकाला चेहरा द्या मात्र.

---

बोरूबहाद्दर

सोपं आहे की. त्याला पुन्हा एकदा त्याच पट्टीवरून फिरवून आणायचं. दोन फेऱ्यांत सरळ होतो ना?

---

खडूफळा

होतो. दोन फेऱ्यांनी मूळपदावर.

---

गणितकाकू

नातू शेजारी बसून सगळं ऐकत होता (सातवीत आहे). तो म्हणतो, दुसऱ्या फेरीला जायच्या आधी जेवला असेल तर पोटातला भातपण त्याच्याबरोबर फिरणार. माणूस सरळ होईल आणि भात उलटा. म्हणजे तो परत न पचलेलाच.

---

खडूफळा

...

थांबा, कागद घेऊन बसतो.